आयसीपी मॉनिटर नसताना गाइडलाइनचं काय करायचं: हेड इंज्युरीच्या एका पेशंटचं प्रकरण

पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी केस झाली तशीच लिहितेय, आमच्या चुकांसकट.

वय २६, टू-व्हीलरवरून पडलेला, हेल्मेट नव्हतं. अपघात संध्याकाळी साडेसातचा, आमच्याकडे पोचला रात्री ९.४० ला, मधे एका छोट्या दवाखान्यात थांबून. आमचं हॉस्पिटल कसलं ते आधी सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. सहा बेडचा आयसीयू, चार व्हेंटिलेटर, सीटी चोवीस तास, जनरल सर्जन आणि ऑर्थो आहेत, भूल द्यायला मी आणि अजून एक सहकारी, ब्लड बँक आहे, न्यूरोसर्जन नाही. सगळ्यात जवळचे न्यूरोसर्जन रस्त्याने चार तासांवर. आयसीपी म्हणजे कवटीच्या आतलं प्रेशर मोजायचा मॉनिटर तसा आहे, कपाटात, डब्यात, देणगीतून आलेला. त्याची डोक्यात घालायची प्रोब एकदाच वापरता येते, सोबत दोन आल्या होत्या, त्या संपल्या, तेव्हापासून डबा कपाटात.

हे काही जगावेगळं हॉस्पिटल नाही. २०१८ च्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी साधारण ६.९ कोटी लोकांना डोक्याला मार लागून मेंदूला इजा होते, आणि कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांवर हा बोजा श्रीमंत देशांच्या जवळजवळ तिप्पट. म्हणजे बहुतेक पेशंट आमच्यासारख्या ठिकाणी येतात आणि गाइडलाइन लिहिल्या जातात त्या दुसरीकडच्या आयसीयूत बसून. अमेरिकेतल्या ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या सिव्हिअर हेड इंज्युरीच्या गाइडलाइनची चौथी आवृत्ती २०१६ ची, १८ विषय, २८ शिफारसी, आमच्या सगळ्यांच्या फोनमधे तिची पीडीएफ आहे. वाचलीय पण सगळ्यांनी. प्रश्न वाचण्याचा कधीच नव्हता.

पहिला तास

आला तेव्हा ऑक्सिजन ८४, बीपी ८८/५४, पल्स १२८, उजवी मांडी सुजून वाकडी झालेली म्हणजे फिमर मोडलेलं, आणि लघवीची पिशवी ९०० एमएल भरलेली. ही पिशवी बघून आमचा ज्युनिअर म्हणाला, "मॅडम, युरीन मस्त आहे, म्हणजे परफ्यूजन बरं असणार", म्हणजे अवयवांना रक्त नीट पोचत असणार. रेफरल चिठ्ठी वाचली तर त्यात लिहिलेलं, मॅनिटॉल (मेंदूची सूज उतरवायचं, लघवी वाढवणारं औषध) ३५० एमएल, डेक्सा म्हणजे स्टेरॉइड, आणि फिट्ससाठी फेनिटोइन. बीपी लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे शॉकमधे असलेल्या माणसाला मॅनिटॉल देऊन त्याच्या अंगातलं उरलंसुरलं पाणीही लघवीवाटे काढून टाकलेलं आणि ती भरलेली पिशवी आम्हाला चांगली बातमी वाटत होती.

त्या दवाखान्याला नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. डोक्याला मार म्हणजे मॅनिटॉल आणि डेक्सा ही सवय वर्षानुवर्षांची आहे, आम्हीही शिकताना तेच बघितलंय. पण गाइडलाइन आपल्याकडे आणायची म्हटलं की लोकांची नजर पहिली महागड्या मशीनवर जाते, आणि खरी गळती असते ती अशा फुकटातल्या गोष्टींमधे. ब्रेन ट्रॉमाच्या त्या अख्ख्या आवृत्तीत पहिल्या दर्जाचा पुरावा असलेली शिफारस एकच आहे आणि ती स्टेरॉइड देऊ नका अशी आहे, मूळ २००४ च्या क्रॅश ट्रायलमधली, १०,००८ पेशंट, दोन आठवड्यांत मृत्यू स्टेरॉइडवाल्यांमधे २१.१ टक्के आणि न देणाऱ्यांमधे १७.९. सगळ्यात भक्कम शिफारस पाळायला एक पैसा लागत नाही, फक्त हात आवरावा लागतो. तरी ती चिठ्ठीत होतीच.

दुसरं बीपी. १९९३ मधेच दिसून आलं होतं की सिव्हिअर हेड इंज्युरीत सिस्टॉलिक म्हणजे वरचं बीपी ९० च्या खाली एकदा जरी गेलं तरी मृत्यू साधारण दुप्पट होतात. आताची शिफारस तर १५ ते ४९ वयाला ११० च्या वर ठेवा अशी. आमच्या पेशंटचं ८८ होतं आणि ते किती वेळ तसं होतं हे आम्हाला कधीच कळणार नाही.

जीसीएस म्हणजे शुद्धीचा स्कोअर, १५ पैकी ७. डोळे १, बोलणं २, मोटर म्हणजे हातपायांची हालचाल ६ पैकी ४, आकडा कमी तितकं वाईट. उजवी बाहुली ४ मिलिमीटर आणि आळशी, डावी ३ आणि चटकन आकसणारी. मान धरून, केटामीन देऊन ट्यूब टाकली, केटामीनने डोक्यातलं प्रेशर वाढतं ही जुनी भीती आता फारशी कोणी धरत नाही आणि ८८ बीपीला दुसरं काही द्यायची माझी हिंमतही नव्हती. सलाइन, दोन पिशव्या रक्त, मांडीला स्प्लिंट, पोटाची सोनोग्राफी स्वच्छ. ९.५५ ला रक्तस्राव थांबवायचं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत, पुढचा १ ग्रॅम आठ तासांत, अपघातापासून तीन तासांच्या आत बसत होतं म्हणून. २०१९ ची क्रॅश-३ ट्रायल वाचली तर फायदा मुख्यतः कमी आणि मध्यम इजेच्या लोकांत दिसतो, जीसीएस ७ ला तेवढा नाही, पण याचं मांडीतूनही रक्त जात होतं आणि बीपी पडलेलं होतं, त्यामुळे फार विचार केला नाही. सव्वादहापर्यंत सिस्टॉलिक ११४.

१०.५० ला सीटी. उजव्या फ्रंटल आणि टेम्पोरल (पुढच्या आणि कानशिलाजवळच्या) भागात कंट्युजन, म्हणजे मेंदूच्याच आत मुका मार लागून सांडलेलं रक्त, सगळं मिळून साधारण १८ एमएल, मधली रेषा ४ मिलिमीटर सरकलेली, पण तळाच्या सिस्टर्न म्हणजे मेंदूखालच्या पाण्याच्या जागा अजून मोकळ्या दिसत होत्या. मार्शलच्या वर्गवारीत, म्हणजे सीटीवरून इजेचे गट पाडायच्या पद्धतीत, हे डिफ्यूज इंज्युरी दोन. फोटो न्यूरोसर्जन सरांना व्हॉट्सॲप केले, ते म्हणाले, आत्ता उघडण्यासारखं काही नाही, मेडिकल मॅनेजमेंट करा, उद्या परत सीटी पाठवा.

मग प्रश्न, ठेवायचा का पाठवायचा. गाइडलाइनच्या हिशोबाने हा पेशंट जिथे आयसीपी मॉनिटर आणि न्यूरोसर्जन दोन्ही आहेत तिथे हवा. पण रात्री अकरा वाजता चार तास, ॲम्ब्युलन्समधे व्हेंटिलेटर नाही, बीपी जेमतेम तासाभरापूर्वी सावरलेलं, आणि चार तास कोणीतरी हाताने बॅग दाबत बसणार. हाताने बॅग दाबणारा माणूस घाबरला की जोरात दाबतो, कार्बन डायऑक्साइड खाली जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि पहिल्या २४ तासांत मेंदूला रक्त आधीच कमी पोचत असतं. ठेवायचं ठरलं. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, चूक त्याच्या पुढची आहे.

मोजता येत नाही ते ओळखायचं कसं

इथे जरा थांबावं लागेल कारण सगळ्या ॲडॅप्टेशनचं मूळ इथेच आहे.

गाइडलाइन म्हणते आयसीपी २२ च्या वर गेलं की उपचार करा आणि मेंदूचं परफ्यूजन प्रेशर ६० ते ७० ठेवा. आता परफ्यूजन प्रेशर म्हणजे सरासरी बीपीतून आयसीपी वजा, आयसीपीच नाही तर वजा काय करणार. म्हणजे दोन ओळी एका दमात बाद. बऱ्याच ठिकाणी स्थानिक प्रोटोकॉल करताना हेच केलं जातं, जे नाही त्या ओळी खोडायच्या आणि उरलेल्याला ॲडॅप्टेड म्हणायचं. आमचा आधीचा प्रोटोकॉल असाच होता, मीच टाइप केलेला, सांगायला लाज वाटते. ओळी खोडल्या पण त्या ओळी ज्या प्रश्नाचं उत्तर देत होत्या तो प्रश्न, म्हणजे या माणसाच्या डोक्यात आत्ता प्रेशर वाढलंय का, तोही सोबत खोडला गेला.

या प्रश्नावर सगळ्यात कामाचं संशोधन बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधून आलंय. बेस्ट-ट्रिप ट्रायल, २०१२, चेसनट आणि सहकारी, ३२४ पेशंट. अर्ध्यांमधे आयसीपी मोजून उपचार, अर्ध्यांमधे न मोजता, फक्त सीटी आणि तपासणीवरून ठरवलेल्या प्रोटोकॉलने. सहा महिन्यांनी मृत्यू ३९ टक्के विरुद्ध ४१ टक्के, एकूण निकालातही म्हणावा असा फरक नाही. झालं, लगेच "मॉनिटर लागतच नाही" अशी बातमी पसरली आणि आमच्यासारख्या ठिकाणी तर फार आवडीने पसरली, कारण डबा कपाटात असल्याचं वाईट वाटायचं बंद झालं. पण पेपर नीट वाचला तर तो असं म्हणत नाही. दोन्हीकडे शिस्तीचा प्रोटोकॉल होता. न मोजणाऱ्या गटाला मेंदूसाठीचे उपचार जास्त दिवस द्यावे लागले, ४.८ दिवस, मोजणाऱ्यांना ३.४. आणि त्या आयसीयूंमधे चोवीस तास सीटी, न्यूरोसर्जन आणि इंटेन्सिव्हिस्ट होते. आमच्याकडे यातलं फक्त सीटी. आम्ही निष्कर्ष उचलला आणि ज्या पायावर तो उभा होता तो पाया तिकडेच ठेवून आलो.

अजून एक आकडा त्याच ट्रायलमधला, याच्याकडे कमी लक्ष गेलं. १४ दिवसांपर्यंतचे मृत्यू मोजणाऱ्यांत २१ टक्के, न मोजणाऱ्यांत ३० टक्के, आणि सहा महिन्यांनी दोघे जवळजवळ एकाच जागी. हा १४ दिवसांचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरत नाही हे खरं. पण दोन्हीकडे पहिल्या दोन आठवड्यांनंतर बरेच लोक गेले, एवढं तर दिसतंच. याच्याकडे शेवटी येते.

त्यानंतर २०२० मधे क्रेव्हिस नावाचा प्रोटोकॉल आला. मॉनिटरशिवाय रोज काम करणाऱ्या लॅटिन अमेरिकेतल्या ४३ अनुभवी डॉक्टरांनी बसून केलेला. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते "प्रेशर किती" असं विचारत नाहीत, "प्रेशर वाढल्याचा संशय घ्यावा का" असं विचारतात आणि त्याला पक्की व्याख्या देतात. मोठे निकष तीन, सिस्टर्न दबलेल्या, मधली रेषा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेली, किंवा न काढलेली रक्ताची मोठी गाठ. यातला एक असला तरी पुरे. छोटे निकष चार, मोटर स्कोअर ४ किंवा खाली, दोन बाहुल्या असमान, बाहुली उजेडाला नीट प्रतिसाद देत नाही, सीटीवर डिफ्यूज इंज्युरी दोन. यातले दोन असले की संशय पक्का धरायचा आणि उपचार सुरू करायचे.

आमच्या पेशंटला मोठा एकही नव्हता, छोटे मात्र चारही. संशय पक्का.

डोकं ३० अंश वर, मान सरळ मधे, ट्यूब बांधायची दोरी गळ्याला न आवळता (ही दोरी मी स्वतः दोन बोटं घालून बघते, मानेच्या शिरा दाबून आपणच प्रेशर वाढवणं यासारखं वाईट काही नाही), सेडेशन, ताप येऊ द्यायचा नाही, सोडियम पडू द्यायचं नाही, ३ टक्के सलाइन (जास्त मिठाचं, मेंदूची सूज उतरवायला) ठरलेल्या वेळांना. मॅनिटॉल पुन्हा नको म्हटलं, रक्तस्राव झालेल्या पेशंटला परत लघवी करायला लावण्यापेक्षा मीठ बरं. सोडियम दर सहा तासांनी बघायचं असं आमच्या कागदात लिहिलेलं, पण रात्री लॅब बंद, मग ब्लड गॅसच्या मशीनवर जे सोडियम येतं त्यावर भागवलं. फेनिटोइन सात दिवस आणि मग बंद, ते फक्त सुरुवातीच्या फिट्ससाठी असतं, महिनोन् महिने चालू ठेवायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेडेशन हलकं केलं तर मोटर ५, दुखवलेल्या जागी हात आणत होता. सीटी परत, कंट्युजन थोडं ठळक, शिफ्ट म्हणजे मधल्या रेषेचं सरकणं ४ च. न्यूरोसर्जन सरांना पाठवलं, तेही म्हणाले ठीक आहे. नळीतून दूध सुरू केलं. नातेवाईकांना सांगितलं, स्थिर आहे. राऊंडला सगळ्यांचे चेहरे बरे होते.

तीन ओळी

त्या दुसऱ्या रात्रीचा चार्ट माझ्याकडे अजून आहे, झेरॉक्स. रात्री १२ ची ओळ पूर्ण भरलेली, डोळे १, ट्यूब, मोटर ५, उजवी बाहुली ३, डावी ३, दोन्हीपुढे अधिक चिन्ह म्हणजे उजेडाला आकसतात. १ वाजताच्या ओळीत प्रत्येक रकान्यात दोन छोट्या टिंबरेषा, म्हणजे वरीलप्रमाणे. २ वाजता वरीलप्रमाणे. ३ वाजता वरीलप्रमाणे, आणि इथे तर टिंबंही नाहीत, वरून खाली ओढलेली एकच रेघ. ४ वाजताच्या ओळीत दुसऱ्या हाताचं अक्षर, उजवी बाहुली ६, पुढे वजा चिन्ह दोनदा गिरवलेलं, मोटर ३.

पल्स ५२, बीपी १७८, म्हणजे डोक्यातलं प्रेशर फार वाढल्याची खूण.

मला फोन आला ४.०५ ला. ३ टक्के सलाइन २५० एमएल मोकळं सोडलं, व्हेंटिलेटरचा रेट थोड्या वेळापुरता वाढवला, एरवी टाळायचं हायपरव्हेंटिलेशन इथे चालतं, रक्तवाहिन्या आकसून प्रेशर थोडा वेळ उतरतं, कारण बाहुली गेलीय आणि आपल्याला मिनिटं विकत घ्यायचीत. दहा-बारा मिनिटांत बाहुली ४ वर आली, आळशी पण हलली. सीटीत दोन्ही कंट्युजन एकमेकांत मिसळून मोठं झालेलं, शिफ्ट ९, सिस्टर्न दिसेनात.

आता खरं सांगायचं तर ही रात्र सिस्टरांच्या माथी मारणं सोपं होतं आणि दोन-तीन लोकांनी तसा प्रयत्न केलाही. त्या रात्री सहा बेडला एक सिस्टर आणि एक शिकाऊ. दीड वाजता पाच नंबरचा पेशंट अरेस्टमधे गेला म्हणजे हृदय थांबलं, पाऊण तास सीपीआर, तो गेला, मग त्याचे नातेवाईक, मग कागद, मग बॉडी. त्यात दर तासाला टॉर्च घेऊन दोन नंबरच्या, म्हणजे आमच्या या पेशंटच्या, बाहुल्या बघायच्या, सेडेशन असलेल्या माणसाला चिमटा काढून तो कुठे हात नेतो बघायचं. चार वाजता ज्यांनी बघितलं त्या सिस्टर वॉर्डातून मदतीला आलेल्या होत्या.

मॉनिटर काय करतो तर एक वायर मेंदूतून येते आणि आकडा सतत दाखवते, वर गेला की ओरडते, त्याला झोप येत नाही आणि शेजारच्या बेडला अरेस्ट झाला तरी तो दोन नंबरकडेच बघत असतो. ते मशीन काढून त्याजागी आपण "दर तासाला तपासणी" असं लिहिलं, म्हणजे मशीनचं काम माणसाला दिलं, पण माणूस वाढवला नाही. क्रेव्हिस असो की बेस्ट-ट्रिपचा प्रोटोकॉल असो, तो स्वस्त आहे असं वाटतं कारण त्यात विकत घ्यायचं काही नाही. नर्सिंगच्या भाषेत तो महाग आहे. ज्या देशात मशीन कमी तिथे सिस्टरही कमी असतात, आणि आपण नेमका सिस्टर खाणारा प्रोटोकॉल तिथे नेऊन ठेवतो. आम्ही ही बेरीज केलीच नव्हती.

मॉनिटर असता तर आधी कळलं असतं का? बहुतेक हो, पण छातीठोक नाही सांगता येणार. टेम्पोरल भागातलं रक्त ब्रेन स्टेमच्या अगदी शेजारी असतं, ते आयसीपी फार न वाढताही बाजूने घुसून दाबू शकतं. म्हणजे अशा पेशंटमधे मॉनिटर असला तरी बाहुली बघावीच लागते.

पाठवताना

आमचे सर्जन उघडायला तयार होते, शिकताना एक्स्ट्राड्यूरल काढलेले आहेत त्यांनी. पण कवटीखालचं, मेंदूच्या पडद्याबाहेरचं गोठलेलं रक्त काढणं वेगळं आणि सुजलेल्या मेंदूसाठी मोठं हाड काढणं वेगळं, लहान उघडलं तर मेंदू कडेला कापला जातो, आणि नंतर रक्त थांबलं नाही तर काय. बाहुली परत आलेली असल्यामुळे चार तास मिळतील असा जुगार खेळला. आयसीयूतला एक व्हेंटिलेटर काढून ॲम्ब्युलन्समधे बांधला, ओटीतला कॅप्नोग्राफ काढून लावला म्हणजे कार्बन डायऑक्साइड डोळ्यासमोर राहील, सोबत मी, ३ टक्के सलाइनच्या दोन बाटल्या आणि बीपी पडलं तर नॉरॲड्रेनलिन. निघताना आयसीयूत तीनच व्हेंटिलेटर उरले, त्या दिवशी चौथा लागला नाही ही नशिबाची गोष्ट. वाटेत एकदा बाहुली परत ५ झाली, दुसरी बाटली दिली. चार वाजता लक्षात आल्यापासून ऑपरेशन सुरू व्हायला साडेपाच तास.

हाड काढून प्रेशर मोकळं करायच्या ऑपरेशनचं नातेवाईकांना काय सांगायचं हाही एक भागच आहे. २०१६ च्या रेस्क्यू-आयसीपी ट्रायलमधे सहा महिन्यांनी मृत्यू ऑपरेशन केलेल्यांत २६.९ टक्के, ऑपरेशन न करणाऱ्यांत ४८.९, पण वाचलेल्यांमधे पूर्णपणे अंथरुणावर, भान नसलेले असेही जास्त निघाले. ॲम्ब्युलन्सच्या दारात उभं राहून हे आईला कसं सांगतात ते मला कोणी शिकवलेलं नाही. मी म्हटलं, "काकू, जीव वाचायची शक्यता वाढेल, पण तो पहिल्यासारखा होईल असं मी सांगू शकत नाही." त्या एवढंच म्हणाल्या, "घेऊन चला."

कागद परत लिहिला

महिनाभराने आम्ही बसलो. मी, सर्जन, दोन सिस्टर इन्चार्ज, लॅबवाले, आणि सीटी टेक्निशियन, न्यूरोसर्जन सर फोनवर. समोर चौथी आवृत्ती, क्रेव्हिस, आणि कोलंबियाच्या गटाने पुढे आणलेला बूटस्ट्रॅप, ज्यात एकाच पेशंटसाठी हॉस्पिटलमधे काय आहे त्यानुसार वेगवेगळ्या पायऱ्या मांडल्यात. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न लावला, हे रात्री तीन वाजता, शेजारी अरेस्ट चालू असताना, कोण करणार, नाव सांगा. नाव सांगता आलं नाही तर ती ओळ तशीच ठेवायची नाही. या एका प्रश्नाने जितका वेळ खाल्ला तितका बाकी कशानेच नाही, पहिल्या दिवशी फक्त चार ओळी झाल्या.

बीपी आणि ऑक्सिजनला हात लावला नाही, ते जगात कुठेही तेच. उलट आजूबाजूच्या दवाखान्यांसाठी रेफरल चिठ्ठीचा नमुना छापला, त्यात बीपी आणि ऑक्सिजनचे रकाने सगळ्यात वर, आणि खाली ठळक, बीपी ११० च्या खाली असेल तर मॅनिटॉल देण्याआधी फोन करा, स्टेरॉइड नको. मेंदूतला ऑक्सिजन मोजणं, जुग्युलर बल्ब वगैरे एका मिनिटात बाजूला, त्यावर चर्चा करण्यात अर्थ नव्हता.

तासाची तपासणी मात्र पूर्ण बदलली. संशय पक्का असलेले पेशंट एका वेळी दोनच, ते एक आणि दोन नंबरला म्हणजे सिस्टरांच्या टेबलासमोर, आणि रात्री दहा ते सहा त्या दोघांसाठी एक सिस्टर, जिला अरेस्टला बोलवायचं नाही. तिसरा आला तर सेकंड ऑन-कॉल डॉक्टर येऊन बसेल, म्हणजे बहुतेकदा मीच. सिस्टर इन्चार्ज म्हणाल्या, "मॅडम, एक सिस्टर कुठून आणणार ते आधी सांगा, मग बाकीचं लिहा." आणली कशी तर जनरल वॉर्डातली एक रात्रपाळी इकडे वळवून, म्हणजे तिकडे ओढाताण झाली, हे लपवण्यात अर्थ नाही. चार्टवर बाहुलीचा आकडा लिहायचा नाही, छापलेल्या गोलांपैकी एक रंगवायचा, कारण रंगवायला डोळा उघडून बघावाच लागतो. वरीलप्रमाणे बंद. ड्यूटी बदलताना जाणारी आणि येणारी दोघींनी मिळून मोटर बघायची, कारण एकीचा ५ दुसरीचा ४ असतो हे आम्हाला तेव्हाच कळलं.

सोडियमसाठी आमचा आमचा नियम केला, आठ तासांत सोडियमचा आकडा नसेल तर ३ टक्केचा पुढचा ठरलेला डोस द्यायचा नाही, बाहुली गेली असेल तर गोष्ट वेगळी.

आणि पाठवायची वेळ. सर्वात जास्त वाद यावर झाला. आमची खरी चूक दुसऱ्या दिवशी सकाळची होती. स्थिर आहे म्हणून ठेवला, खरं तर स्थिर होता तेव्हाच पाठवायला हवा होता, दिवसा, बाहुल्या समान, मोटर ५, बीपी चांगलं, कॅप्नोग्राफ लावून निवांत. कंट्युजन पहिल्या एक-दोन दिवसांत फुगतात हे आम्हाला सगळ्यांना पुस्तकातून माहीत होतं. आता टेम्पोरल कंट्युजन आणि संशय पक्का असं दोन्ही असेल तर बीपी सावरल्यावर पहिल्या उजेडात पाठवायचं, सीटी बरा दिसला तरी. न्यूरोसर्जन सर आधी कुरकुरले की असे सगळे पाठवलेत तर माझे बेड भरतील, मग झेरॉक्स बघून गप्प झाले.

आमच्यातल्या एका सहकाऱ्याचा आक्षेप मला अजून टोचतो. तो म्हणाला, असे प्रोटोकॉल करून आपण गरिबांसाठी दुसऱ्या दर्जाचं औषध अधिकृत करतोय, आणि उद्या वरून विचारतील की मॉनिटरशिवाय छान चाललंय ना, मग प्रोब कशाला. त्याचं म्हणणं खोटं नाही. म्हणून कागदाच्या शेवटी एक पान जोडलं, काय नाही आणि त्यामुळे कोणत्या पेशंटला किती तास उशीर झाला, तारखेसकट, दर तीन महिन्यांनी ते पान वर जातं. अजून प्रोब आलेल्या नाहीत, ॲम्ब्युलन्ससाठी छोटा व्हेंटिलेटर मात्र आला.

पेशंट सहा महिन्यांनी फॉलोअपला आला, चालत. डाव्या हाताची पकड कमी, हाड परत बसवलेलं. कामावर गेलेला नाही, चार जणांत बसला की चिडतो, आईने सांगितलं की दूध करपलं तरी त्याला वास येत नाही. पुढच्या भागाला मार लागला की वास जातो, आम्हाला माहीत असतं, पण डिस्चार्जच्या वेळी तिला कोणी सांगितलं नव्हतं. बेस्ट-ट्रिपमधले ते दोन आठवड्यांनंतर गेलेले लोक मला तेव्हा आठवले, घरी गेल्यावर नळीतून खाणं कोणी द्यायचं, गळ्याची ट्यूब कोणी साफ करायची, ताप आला तर कोणाला फोन. गाइडलाइनच्या २८ शिफारसींत याच्यासाठी ओळ नाही, तो त्यांचा विषयच नव्हे. आम्ही डिस्चार्जचं एक पान केलं, त्यात एक फोन नंबर आणि सहा रकाने, खाणं, ट्यूब, फिट्स, चिडचिड, वास, आणि कामावर परत कधी. शेवटच्या रकान्यासाठी आमच्याकडे अजून माणूस नाही, तो रिकामाच छापलाय.